उजव्या हाताला एक घर

चौदा भागिले दोन, सात. एवढ्या एका भागाकाराच्या जोरावर मी मारुतीच्या पायाला हात लावला आणि सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

आमचं गाव पवनेच्या काठी, चिंचवड स्टेशनपासून दोन मैलांवर. चैत्रात नवमीपासून हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपर्यंत देवळात अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. या सप्ताहाचा मान पंधरा घरांचा: सात घरं वरच्या आळीची, सात खालच्या आळीची आणि एक माझं, देवळाला लागून, कुठल्याच आळीत नसलेलं. मी चिमाजी. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गाव मला मास्तर म्हणतं.

दोन्ही आळ्या एकाच भावकीच्या. पिंपरीकडं कारखाने यायला लागले तेव्हा वरच्या आळीनं माळाच्या जमिनी दिल्या आणि पोरं कामाला लावली. खालच्या आळीनं दिल्या नाहीत. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. वरच्या आळीचा म्होरक्या गेनबा, खालच्या आळीचा तात्याबा. दोघं चुलत भाऊ, लहानपणी एका ताटात जेवलेले. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी वीणा बदलताना दोघांची जुंपली, हिसकाहिसकी झाली आणि वीणा फरशीवर आदळली. भोपळ्याला चीर गेली. पणजोबांच्या काळापासून न पडलेला खंड सप्ताहाला पडला.

यंदा शिमग्याच्या आठवडाभर आधी बैठक भरली ती दोन सप्ताह करायचे हे ठरवायलाच. वरच्या आळीचा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. आज सप्ताह वेगळा झाला की उद्या पाणवठा वेगळा होणार, आणि परवा मयताला खांदेकरीसुद्धा आपापल्या आळीचे शोधावे लागणार. इतकी वर्षं या भांडणात मी तोंड उघडलं नव्हतं. शहाणपणा म्हणा, भित्रेपणा म्हणा. त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही.

मी म्हणालो, "कामं पाच. वीणा, पाणी, पंगत, दिवाबत्ती, झाडलोट. एकेका कामाला रोज तीन घरं. पाच त्रिक पंधरा. मी अशी वाटणी करून देतो की सात दिवसांत प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराबरोबर नेमकं एकदा काम करेल. कुणी कुणाला टाळायचं नाही, कुणी कुणाला निवडायचं नाही."

"आन न्हाई बसलं तर?" तात्याबानं विचारलं.

"बसतं. एका घराला बाकीची घरं चौदा. रोज दोन घरं सोबतीला. चौदा भागिले दोन सात. दिवस सात. बरोबर बसतं."

गेनबा सावकाश बोलला, "मास्तर, येक जरी जोडी दोनदा आली, न्हाईतर येक जरी ऱ्हायली, तर दोन सप्ते. मंग तुमी मधी पडायचं न्हाई. हाय कबूल?"

मी उठलो आणि मारुतीच्या पायाला हात लावला. अष्टमीच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर वाटणी मांडून दाखवायची असं ठरलं.

घरी येऊन पाटी घेतली आणि तासाभरात मला घाम फुटला. पूर्ण भाग गेला म्हणजे वाटणी बसलीच असं थोडंच आहे? भाग गेला नसता तर नक्की बसली नसती, एवढंच त्यातून कळतं. वर्गात एखाद्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याचा कान पिळला असता. इथं मी ती देवाच्या पायाला हात लावून केली होती.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. घरांना एक ते पंधरा नंबर दिले. गणितात भाऊबंदकी नको म्हणून नावं, आळ्या, सगळं पुसून टाकलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू संपवल्या. चार दिवस छान बसायचे. पाचवा ओढूनताणून बसायचा. सहाव्या दिवशी कुठली तरी दोन घरं दुसऱ्यांदा समोरासमोर यायची आणि सगळं मुळापासून पुसावं लागायचं. ताटावर बसलो तरी माझी बोटं पाटावर आकडे काढायची. दुर्गाबाई, माझी बायको, एक दिवस म्हणाली, "अहो, निदान घास तरी तोंडात घाला. नंबर नका घालू."

खरी भीती वेगळीच होती, आणि ती मी दुर्गाबाईलाही सांगितली नव्हती. तेविसाव्या वर्षी पुण्याला शिकत असताना मी भूमितीतला एक प्रश्न सोडवला होता. आमच्या प्रोफेसरांना तो सुटत नव्हता. त्यांनी मला पत्र लिहिलं, 'या मुलाकडून मोठ्या अपेक्षा आहेत.' ते पत्र अजून ट्रंकेत आहे. त्यानंतर चौतीस वर्षांत मला नवं असं काहीही सुचलं नाही. शिकवलं खूप. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पोरांकडून घोकून घेतले, आणि याच चैत्रात रुपयाचे शंभर नवे पैसे आले तेव्हा तेही रद्दीत गेले. डोकं आटलंय, अशी शंका मला होती. ती आता गावासमोर सिद्ध होणार होती.

अष्टमी उजाडली तेव्हा माझी सहाव्या दिवसाशी झटापट चालूच होती. सकाळी बन्सी आला. बन्सी गेनबाचा मुलगा, माझा विद्यार्थी. वय चोवीस. एम. एस्सी. होऊन पुण्याच्या कॉलेजात शिकवायला लागलेला. महिन्यापूर्वी मीच त्याला हा प्रश्न पत्रानं कळवला होता. वडिलांना सांगायचं नाही अशी शपथ घालून.

तो ओसरीवर बसला आणि कागदांची चळत पुढं ठेवली. "गुरुजी, मीही सगळं करून पाहिलं. मला वाटतं, हे बसतच नाही."

"वाटतं, की सिद्ध केलंस?"

"सिद्ध नाही. पण एवढ्या वाटा बंद निघाल्यावर..." त्यानं वरचा कागद पालथा घातला. "संध्याकाळी मी सांगतो सगळ्यांना. तुमच्यावर काही येऊ देणार नाही. म्हणेन, गुरुजींचं वय झालंय, चुकून बोलून गेले. लोक समजून घेतील."

माझी कानशिलं तापली. "वय झालंय?"

"रागावू नका. गणितात नवं काही सुचायचं ते तिशीच्या आत. नंतर माणूस जुनंच उगाळत बसतो."

"हे कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

बन्सी हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच, गुरुजी. अकरावीच्या वर्गात. प्रत्येक वर्षी सांगायचा."

खरं होतं. प्रत्येक वर्षी सांगायचो. पोरांनी वेळ दवडू नये म्हणून सांगतो असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे ते वाक्य मी माझ्याच सोयीसाठी तयार केलं होतं. तिशीनंतर कुणालाच काही सुचत नसेल, तर मला सुचलं नाही यात माझा काय दोष? मला इतकी लाज वाटली की बन्सीला धड 'जा'सुद्धा म्हणता आलं नाही. तो आपणहून उठून गेला.

आमच्याकडं रीत अशी की देवळात बैठकीला बसायचं तर देवळाशेजारच्या घरानं दारोदार जाऊन सांगावा द्यायचा. मी डोक्यावर टोपी घातली आणि निघालो. आधी वरची आळी, मग खालची. प्रत्येक दारात एकच प्रश्न. वरच्या आळीत विचारायचे, "मास्तर, त्यांच्यातलं कोन हाय आमच्या संगं?" खालच्या आळीतही तेच, "त्यांच्यातलं कोन?" एकानंही आपला नंबर विचारला नाही. मी महिनाभर जे पुसून बसलो होतो, गाव नेमकं तेच विचारत होतं.

खालच्या आळीच्या टोकाला छबूबाईचं घर. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, शेत एकटीनं कसते. तोंडानं फटकळ. ती दाणे पाखडत होती. म्हणाली, "त्यांची घरं सात, दिस बी सात. म्हंजी रोज त्यांच्यातलं येक थोबाड बघायचं, असंच ना?"

"तसंच काही..." असं म्हणता म्हणता मी दारातच थांबलो.

रोज एक. सात दिवस, सात घरं. आज पहिलं, उद्या दुसरं, परवा तिसरं. मग प्रत्येक दिवस नव्यानं कशाला मांडायचा? एकच दिवस नीट मांडायचा आणि रोज सगळ्या आळीनं एक घर पुढं सरकायचं! सात सात घरांची दोन कडी, आणि मधे न हलणारं एक घर. पंधरा घरांतलं ते न हलणारं घर कुठलं, हे सांगायला पाटी लागत नव्हती.

"काय वं मास्तर, ऊन लागलं का काय?" छबूबाईनं विचारलं. मी उत्तर न देता चालायला लागलो. चालायला कसला, धोतर सावरत पळायलाच लागलो.

अंगणात दोन वर्तुळं काढली. बाहेरच्यावर वरच्या आळीचे सात चिंचोके, आतल्यावर खालच्या आळीचे सात हरभरे, मधे माझा एक खडा. नियम आता सोपा झाला होता. पहिल्या दिवशी एकत्र आलेल्या घरांमध्ये जी अंतरं पडतील, त्यातलं कुठलंही पुन्हा पडता कामा नये. तेवढं जमलं की बाकीचे सहा दिवस नुसते सरकण्याचे. तरी दुपारभर जमेना. एक अंतर सुटायचं, दुसरं दोनदा यायचं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. दुर्गाबाईनं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा थंड झालेला परत नेला.

शेवटी वरच्या आळीची तीन घरं आपापसात एकत्र घातली आणि गेनबा सोडून उरलेल्या तीन घरांपैकी एकेकाला खालची दोन-दोन घरं दिली. गेनबा आणि तात्याबा माझ्या खड्याबरोबर. अंतरं मोजली. एकही दोनदा नव्हतं. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा दुर्गाबाईला मोजायला लावली. देवळात दिवा लागायला घटकाभर वेळ उरला होता.

देवळापुढच्या फरशीवर मी खडूनं मोठी दोन वर्तुळं काढली आणि पाच कामांच्या जागा हळद, कुंकू, गेरू, चुना आणि कोळशानं रंगवल्या. ज्यांच्या पायाखाली एकच रंग, ती तीन घरं त्या दिवशी सोबत. कुंकू वीणेचं. ते माझ्या मधल्या जागेवर, गेनबाच्या जागेवर आणि तात्याबाच्या जागेवर. वाटणी कागदावरून वाचून दाखवली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता. माणसंच उभी करायची आणि सरकवायची, असं मी ठरवलं होतं.

घराघरातला एकेक माणूस उभा राहिला. छबूबाई म्हणाली, "माझ्या घरचा गडी मीच," आणि आतल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. बन्सी पायरीवर वही घेऊन बसला. रोजच्या पंधरा जोड्या, सात दिवसांच्या एकशे पाच. प्रत्येक जोडी लिहायची, आणि एखादी दुसऱ्यांदा आली तर ओरडायचं, असं गेनबानंच त्याला बजावलं होतं. आतल्या कड्याला बाहेरच्यांकडं पाठ करून उभं राहायला सांगावं असं माझ्या मनात होतं, म्हणजे सगळ्यांची तोंडं एका बाजूला झाली असती. पण गेल्या वर्षीच्या हाणामारीनंतर कोण कुणाला पाठ दाखवणार? दोन्ही आळ्या समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यात बघत उभ्या राहिल्या.

पहिला दिवस लिहून झाला. मी म्हणालो, "आता सगळ्यांनी एक घर पुढं सरका."

"पुढं म्हंजी कुनीकडं?" वरच्या आळीतून कुणीतरी विचारलं.

"उजव्या हाताला! देवाच्या दारात डावीकडं कोन सरकतंय?" छबूबाई म्हणाली.

आणि सगळे आपापल्या उजव्या हाताला एक घर सरकले.

समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांचे उजवे हात उलट दिशांना असतात. बाहेरचं कडं एकीकडं गेलं होतं आणि आतलं दुसरीकडं. मी मोजलेली सगळी अंतरं दोन्ही कडी एकाच दिशेनं फिरतील या हिशेबानं मोजलेली होती.

"थांबा, खालची आळी डाव्या..."

"का?" तात्याबा गरजला. "आमीच का डावं? त्यास्नी उजवं आन आमाला डावं? हे अगुदरच ठरलंय व्हय तुमचं?"

"आता मास्तर बी पलटी खायला लागलं," मागून आवाज आला. वरच्या आळीतला एक जण बाह्या सारून कड्याबाहेर यायला लागला. गेनबा माझ्याकडं रोखून बघत होता. "मास्तर, चुकलंय का? चुकलं आसंल तर आत्ताच सांगा."

मी बन्सीकडं पाहिलं. त्याची पेन्सिल थांबली होती. चलाख पोरगा. कड्यांच्या उलट्या चाली बघूनच काहीतरी बिनसलंय हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. त्यानं मान खाली घातली, दुसऱ्या दिवसाच्या पंधरा जोड्या लिहिल्या, आणि वर न बघता म्हणाला, "अजून तरी पुन्हा आलेली नाही. पुढं चला."

"उजव्या हाताला एक घर," मी म्हणालो.

तिसरा दिवस. चौथा. प्रत्येक सरकण्याला मी डोळे मिटून घेत होतो आणि कुणाच्या तरी ओरडण्याची वाट बघत होतो. पाचवा. याच्यापुढं महिनाभर माझं घोडं अडलेलं. सहावा. बन्सीचं बोट वहीवर वरखाली फिरत होतं. सातवा. मग उजव्या हाताला आणखी एक घर, आणि प्रत्येक जण आपल्या पहिल्या जागी परत.

बन्सीनं वही दोनदा तपासली. मग उभा राहिला. "एकशे पाच जोड्या. एकही दोनदा नाही, एकही राहिली नाही." आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला फसवलं होतं.

मला काही कळेना. चुकीच्या दिशेनं फिरून बरोबर कसं आलं? मी खडूच्या वर्तुळाकडं बघत राहिलो आणि हळूहळू डोळ्यांवरचं झापड दूर झालं. खालच्या आळीच्या ज्या जोड्या मी घातल्या होत्या, त्या तात्याबाच्या दोन्ही हातांना सारख्याच अंतरावर होत्या. डावीकडचं पहिलं घर आणि उजवीकडचं पहिलं घर मिळून एक जोडी. दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला तिसरं. आरशात धरलं तरी मांडणी तीच. म्हणून ते कडं कुठल्याही बाजूला फिरवा, वाटणी मोडणार नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं. हे मला आत्ता, या क्षणी, माणसांच्या गर्दीत उभं राहून सुचत होतं. छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड मी ओळखली. चौतीस वर्षांपूर्वीची होती. डोळे भरून आले, ते मी उपरण्यानं टिपले.

तात्याबा एवढ्यात सोडणार नव्हता. "ते समदं खरं. पन त्यांची तीन घरं रोज येका कामाला येकत्र. आमच्यातली तीन कधीच न्हाईत. हा कुठला न्याव?"

"तुमच्या जोड्या रोज तीन ठिकाणी आहेत, त्यांच्या एकाच ठिकाणी तीन. तुमच्या दोघांवर डोळा ठेवायला त्यांचा एक, एवढाच फरक. बन्सीच्या वहीत मोजून घ्या."

"आन मला रोज त्यांच्यातलं येकच बघायचंय, म्या म्हनलं तसं," छबूबाई म्हणाली. "बसा आता गप." लोक हसले. तात्याबा हसला नाही, पण गप्प बसला.

गणित संपलं, माणसं राहिली होती. नवमीच्या सकाळी वीणा बसवायची होती, आणि पहिल्या दिवशी वीणेचे मानकरी मी, गेनबा आणि तात्याबा. चिंचोके मांडताना ही जोडी मी सातव्या दिवसावर ढकलू शकलो असतो. तसं केलं असतं तर सहा दिवस सगळं गाव सातव्याची वाट बघत बसलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी घातली.

चीर गेलेला भोपळा लाखेनं सांधलेला होता. कीर्तनकार बुवांनी वीणा गेनबाच्या गळ्यात घातली. आपला पहारा त्यानं डोळे मिटून काढला. मग बदलायची वेळ झाली. तात्याबा समोर आला. गेनबानं वीणा काढली, पण हात पुढं केले नाहीत. दोन्ही आळ्या खांबांना लागून उभ्या होत्या. कुणाच्या हातात काठी नव्हती, पण मुठी वळलेल्या दिसत होत्या. वीणा अधांतरी होती, आणि ती खाली टेकली की सप्ताह मोडला.

मधे मी होतो. माझा खडा मीच तिथं ठेवला होता. इतकी वर्षं मी या दोघांच्या मधे आलो नव्हतो. मी पुढं झालो आणि भोपळ्याखाली दोन्ही हात धरले. "गेनबा, सोड. मी धरलीय."

गेनबानं सोडली. वीणा माझ्या हातांवर आली. मी तात्याबाकडं वळलो. त्यानं लाखेच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ह्ये कुनी सांधलं?"

"म्या," गेनबा म्हणाला. "शिमग्यातच."

तात्याबानं बोट सांध्यावरून काढलं. मग त्यानं मान वाकवली. मी वीणा त्याच्या गळ्यात घालायला लागलो तेव्हा दुसऱ्या बाजूनं दोरी सरळ करायला गेनबाचा हात आला होता.

सात दिवस वीणा खाली टेकली नाही. भांडणं मिटली असं मी म्हणणार नाही. पंगतीला वाढताना टोमणे चाललेच होते. पण सप्ताह एकच झाला.

पौर्णिमेला काला झाल्यावर बन्सी माझ्या ओसरीवर आला. मधे दोन दिवस तो पुण्याला जाऊन आला होता. बसला, पण बोलेना.

"बोल की."

"गुरुजी, कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक सापडलं. हा प्रश्न... हा आधीच सुटलेला आहे. शंभर वर्षं होऊन गेली. एका इंग्रज पाद्र्यानं घातला होता. पंधरा मुली, तिघीतिघींच्या रांगांनी सात दिवस फिरायला जातात."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सात दिवस मी मनातल्या मनात एक पत्र लिहीत होतो, त्या केव्हाच वारलेल्या प्रोफेसरांना. ते पत्र तिथंच फाटलं. दुर्गाबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी विचारलं, "किती वर्षांचा होता तो पाद्री? हे केलं तेव्हा?"

बन्सी गोंधळला. मग त्यानं खिशातला कागद काढला. त्यानंही हे शोधलं होतं म्हणजे. "चव्वेचाळीस. चाळिशीच्या आधी त्यानं गणितात काही छापलेलंच नव्हतं."

"आणि कडं उलटं फिरवलं तरी बसतं, हे लिहिलंय त्यानं?"

"मी वाचलं त्यात तरी नव्हतं." त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "मला ते त्या दिवशी दिसलं नाही, गुरुजी. मला फक्त चूक दिसली होती. तुमच्या तोंडाकडं बघून कळलं की ती चूक नाही. घरी जाऊन समजून घ्यायला रात्र गेली."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चोवीस वर्षांचा पोरगा, आणि सहा वर्षांत आपली पाटी कोरी होणार या भीतीनं आत्ताच घायकुतीला आलेला. ती भीती त्याला मी दिली होती. दरवर्षी एकेक वर्ग भरून पोरांना दिली होती.

"बन्सी, ते तिशीचं वाक्य तुला मीच सांगितलं होतं ना?"

"हो."

"ते मला परत दे."

त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, यंदा मी ते माझ्या वर्गात सांगून बसलोय."

"मग सोमवारी वर्गात जा आणि चूक दुरुस्त कर," मी म्हणालो. "माझं नाव घेऊन कर."